करडे ते सुपे : दारिद्र्य आणि अन्यायाची जाणीव



शिरूर-दौंडच्या माळरानाला दुष्काळाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. परंतु केवळ दारिद्र्याने समाज पेटत नाही. आपले घर रिते होत असताना दुसऱ्याचे भरते आहे आणि तो दुसरा 'आपल्यातला' नाही, हे एकदा मनात बसले की तेच दारिद्र्य अन्याय भासू लागते. याची साक्ष याच भूमीत आहे.

१८७४ साल, शिरूर तालुक्यातील करडे गाव. काळूराम या मारवाडी सावकाराने सुमारे १५० रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळविला आणि त्यांचे घर पाडायला निघाला. कर्ज एकट्या देशमुखांचे होते, अपमान मात्र साऱ्या गावाचा ठरला. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पाणी भरायला, हजामत करायलासुद्धा कोणी मिळेना.

१२ मे १८७५ रोजी सुप्याचा बाजार पेटला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजचा दौंडचा मुलूखही त्यातच मोडे. लोण शिरूरपर्यंत पसरले. जमावाला हवी होती ती खतपत्रे. कागद हाती आले की बहुधा तो निमूटपणे परते.

सरकारी आयोगाला आढळले ते विचार करायला लावणारे आहे. हल्ले झाले ते जवळजवळ सारे मारवाडी व गुजराती सावकारांवर. त्याच गावांतील ब्राह्मण वा अन्य जातींच्या सावकारांना सहसा धक्का लागला नाही. व्याज तेही घेत होतेच! पण ते गावचे, हे उपरे. अमेरिकेतील यादवी १८६५ मध्ये संपताच कापसाचे भाव कोसळले होते, फेरआकारणीत सरकारी सारा वाढला होता, सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाजही उठविला होता. तरी आग लागली ती दुकानांना, कचेऱ्यांना नव्हे. खरा परका राज्यकर्ता दूर होता. सावकार रोज डोळ्यांसमोर होता. रयत बहुतांशी हिंदू होती, सावकारही हिंदू वा जैन होते. पण 'आपण' हा शब्द वेशीपाशीच थांबला होता, हे येथे जमलेल्यांनी विसरू नये.

सावकारी जुलूम खोटा होता, असे मात्र मुळीच नाही. निरक्षर कुणबी अंगठा उठवी आणि न्यायालय कागदापलीकडे पाहत नसे. १८७९ च्या शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला कर्जाचा मागील हिशेब तपासण्याचा अधिकार दिला, देण्यापायी होणारी शेतकऱ्याची कैद थांबविली. मारवाड्याच्या खताला जो नियम, तोच गावच्या सावकाराच्या खतालाही लागू झाला.