संकेतस्थळाचा सराव पाठ



अध्यापक विद्यालयात प्रत्येक शिक्षकाने सराव पाठ दिलेला असतो. टाचण कितीही नेटके असले, तरी वर्गापुढे उभे राहिल्यावाचून त्यातील उणीव कळत नाही. शाळेच्या संकेतस्थळालाही हाच न्याय लागू आहे. ते जगापुढे मांडण्यापूर्वी शाळेच्याच संगणकावर तपासून पाहावे. त्याचे साधन म्हणजे स्थानिक सर्व्हर.

या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. वाचक मागेल ते पुस्तक ग्रंथपाल कपाटातून काढून देतो. ब्राउझर मागेल ते पान काढून देणारी आज्ञावली म्हणजे वेब सर्व्हर. टिम बर्नर्स-ली यांनी जगातील पहिला वेब सर्व्हर १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत आपल्या कामाच्या संगणकावरच चालविला. कोणी तो चुकून बंद करू नये म्हणून त्यावर चिठ्ठी डकविलेली होती.

हे काम करणारा झॅम्प नावाचा संच विनामूल्य मिळतो. अपाचे हा सर्व्हर, पीएचपी ही भाषा आणि मारियाडीबी हे माहितीचे कोठार त्यात एकत्र असते. संच उतरवून घेण्यापुरतेच इंटरनेट लागते. विंडोज संगणकावर तो बसवून संकेतस्थळाची पाने 'एचटीडॉक्स' या फोल्डरमध्ये ठेवावीत, नियंत्रण-फलकावरून अपाचे सुरू करावा आणि ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'लोकलहोस्ट' लिहावे. १२७.०.०.१ हा त्याचाच आकडी पत्ता. संगणकाने स्वतःलाच घातलेली ती हाक होय. फोल्डरमधील पान नुसते उघडून भागत नाही, कारण पीएचपीचे पान सर्व्हरवाचून चालत नाही.

तपासणीत तीन गोष्टी विशेष पाहाव्यात. पहिली, पान यूटीएफ-८ पद्धतीने जतन केलेले असावे व त्यात तसा उल्लेख असावा. नाहीतर देवनागरीच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसतो. दुसरी, फायलींची नावे. विंडोज सामान्यतः मोठ्या व लहान इंग्रजी अक्षरांत भेद करीत नाही, पण लिनक्सवर चालणारे सार्वजनिक सर्व्हर करतात. त्यामुळे शाळेत दिसलेले चित्र बाहेर दिसेनासे होते. सर्व नावे लहान अक्षरांतच ठेवावीत.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. चाचणीसाठी मुलांची खरी नावे, छायाचित्रे वा आधार क्रमांक घालू नयेत. कल्पित नावे घालावीत. चाचणीची पाने पुष्कळदा विसरून तशीच पुढे जातात. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हवी, असे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ठरविले आहे. पण कायदा नसता तरी पाड्यावरची आई ज्या विश्वासाने मूल शाळेत धाडते, तो विश्वास जपणे हे शिक्षकाचेच काम होते. शिवाय झॅम्प हे केवळ चाचणीचे साधन आहे. सोयीसाठी त्याची कुलुपे सैल ठेवलेली असतात. म्हणून त्यावरूनच संकेतस्थळ जगाला खुले करू नये.

ठाणे आणि डोंबिवली यांच्या दरम्यान कळव्याला लोकल गाड्यांची कारशेड आहे. तेथे तपासलेली गाडीच कल्याण-डोंबिवलीच्या उतारूंना घेऊन धावते. कारशेडमध्ये दोष सापडला, तर त्यात कमीपणा नसतो. तो तेथेच सापडावा, यासाठीच तर कारशेड असते.