सोयाबीनच्या वाणांतील रोगप्रतिकार

पूर्व नागपुरांतील नंदनवनापासून कळमन्याचा धान्यबाजार फारसा दूर नाहीं. दसऱ्याच्या सुमारास तेथें खेड्यापाड्यांतून सोयाबीन येऊं लागतें. सन २०२३ च्या खरिपांत मात्र नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांतील पुष्कळ शेतांत शेंगा नीट भरण्यापूर्वींच पानें पिवळीं पडलीं. पिवळा मोझॅक आणि मूळकूज या रोगांनीं हातातोंडाशीं आलेला घास हिरावून नेला.

मोझॅक हा विषाणूचा रोग. पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषून निरोगी झाडावर बसते आणि तो पसरविते. झाडांत एकदां शिरलेल्या विषाणूवर औषध नाहीं. फवारणी होते ती माशीवर, आणि तीही बहुधा उशिरा. खरा बंदोबस्त बियाण्यांतच असावा लागतो.

असें बियाणें आलें कोठून? १९७० च्या दशकांत पंतनगरच्या कृषिविद्यापीठांत ठिकठिकाणचे वाण या रोगाच्या तोंडीं देऊन पाहिले गेले. त्यांत यू.पी.एस.एम. ५३४ हा वाण टिकला, आणि सोयाबीनची एक रानटी भाऊबंद जातही टिकली. बारीक काळ्या दाण्याची ती वेल. बाजारांत तिला कोणी कवडी देणार नाहीं. परंतु पैदासकारांना हवा असलेला गुण तिच्यापाशीं होता.

तो गुण पेरणीच्या वाणांत आणणें मात्र सोपें नव्हे. सोयाबीनचें फूल अगदीं लहान, आणि तें बहुधा उमलण्यापूर्वींच स्वतःच्या परागानें फळतें. संकर करणाऱ्यास मिटलेल्या कळींतील पुंकेसर चिमट्यानें उपटून दुसऱ्या वाणाचा पराग ठेवावा लागतो. पुढें निवड करीत वाण स्थिर होईपर्यंत आठ-दहा वर्षें सहज लोटतात. स्थिर झालेल्या वाणाचा गुण मग घरच्या बियाण्यांतही उतरतो. आणि दोषही उतरतो.

जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषि विश्वविद्यालयाचा जे.एस. ३३५ हा वाण १९९४ सालीं प्रसृत झाला. उत्पन्न चांगलें, शिवाय पानांवर पुळ्या आणणाऱ्या जिवाणूरोगाला तो दाद देत नसे. विदर्भानें त्यास डोक्यावर घेतलें यांत नवल नाहीं. पण मोझॅकपुढें तो दुबळा. एका रोगाविरुद्धचें कवच दुसऱ्या रोगास अडवीत नाहीं, आणि मैलोगणती एकच वाण उभा असल्यावर रोगाला तरी आणखी काय हवें?

त्याच विद्यापीठाचे जे.एस. २०-२९ व जे.एस. २०-६९ हे वाण मोझॅकला चांगले तोंड देतात. तथापि विषाणूही पालटत असतो. म्हणून सगळें रान एकाच वाणाखालीं न घालतां दोन-तीन वाण निरनिराळ्या तुकड्यांत पेरावे, आणि त्यांचें बी वेगवेगळ्या पोत्यांत, नांवाची चिठ्ठी घालून ठेवावें.