वर्गात किती तास बसलात, की तुम्हाला काय येतं?

(कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘अमेरिकेतलं शालेय शिक्षण’ असा विषय दिला होता. तो माझ्या आवाक्यातला नाही. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि काही वर्षांपासून मिशिगन राज्यात राहतो. म्हणून तिथल्या फक्त एका नियमाबद्दल बोलतो. तो मला माझ्या भाचीमुळे कळला.

आपा आणि दुल्हाभाई तिकडे आले तेव्हा भाची सोलापुरात नववी पास झाली होती. तिकडच्या शाळेत तिला दहावीत प्रवेश मिळाला, पण गणितात घोटाळा झाला. आपल्या गुणपत्रिकेवर नुसतं ‘गणित’ लिहिलेलं. त्यात बीजगणित किती, भूमिती किती, हे शाळेला उमगेना. मग त्यांनी तिला ‘अल्जेब्रा वन’ला, म्हणजे हायस्कूलच्या बीजगणिताच्या पहिल्या वर्गात बसवायचं ठरवलं. भाची रडवेली झाली. म्हणाली, “मामू, हे सगळं मला येतं. परत वर्षभर तेच करू?”

मी शाळेची माहितीपुस्तिका घेऊन बसलो. त्यात ‘टेस्टिंग आउट’ असा एक परिच्छेद सापडला. मिशिगनच्या शिक्षण कायद्यात ही तरतूद आहे. एखादा विषय विद्यार्थ्याला आधीच येत असेल, तर त्या वर्गात न बसता तो त्याची अंतिम परीक्षा देऊ शकतो. किमान ‘सी प्लस’ श्रेणी मिळाली की त्या विषयाचं क्रेडिट शाळेनं द्यायचं. बहुतेक ठिकाणी ही श्रेणी साधारण ७७ टक्क्यांना मिळते. विषयाला अंतिम परीक्षा नसेल, तर प्रकल्प, निबंध किंवा सादरीकरण पाहूनही ठरवता येतं.

हे क्रेडिट म्हणजे काय, तेही सांगतो. १९०६ साली कार्नेगी फाउंडेशननं शाळेतला अभ्यास मोजण्याचं एक माप ठरवलं. एका विषयाचे वर्षभरात १२० तास झाले की एक युनिट. तेच माप पुढे देशभर रूढ झालं. आज मिशिगनमध्ये हायस्कूल पूर्ण करायला किमान १८ क्रेडिट लागतात. त्यात गणिताची चार, इंग्रजीची चार, दुसऱ्या भाषेची दोन, असा हिशेब असतो. थोडक्यात, शंभर वर्षं शाळा विचारत आली की वर्गात किती तास बसलात. हा नियम विचारतो, तुम्हाला काय येतं?

टेक्सासमध्येही अशी सोय आहे. विषय वर्गात शिकलाच नसेल, तर परीक्षेत ८० टक्के लागतात. शिकला होता पण क्रेडिट हुकलं, तर ७० टक्के पुरतात. म्हणजे हा रस्ता हुशार मुलांसाठी आहे, तसाच मागे राहिलेल्यांसाठीही आहे.

भाचीनं ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होण्याआधी, बीजगणित आणि भूमिती अशा दोन परीक्षा दिल्या. बीजगणितात ८४ मिळाले, भूमितीत ७९. घरात बिर्याणी झाली. ती थेट ‘अल्जेब्रा टू’ला गेली.

आणि तिथे अडकली. तिथे सारखे आलेख काढायचे, वेगवेगळ्या फलांचे आलेख ओळखायचे, ग्राफिंग कॅल्क्युलेटर वापरायचा. तिकडच्या मुलांचा हात आदल्या दोन वर्षांत बसला होता, हिचा नव्हता. मागे जायची सोयही नव्हती. कायदा सांगतो, एकदा असं क्रेडिट घेतलं की त्याच विषयातल्या खालच्या वर्गाचं क्रेडिट पुन्हा मिळत नाही. डिसेंबरपर्यंत रोज संध्याकाळी मी तिला घेऊन बसत होतो. तेव्हा ती म्हणाली, “मामू, पेपर सुटला, पण वर्गातलं सगळं मला आलेलं नव्हतं.”

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. प्रोग्रॅमची चाचणी घेताना तो कोणी आणि किती तासांत लिहिला, हे आम्ही विचारत नाही. पण चाचणी पास झाली म्हणजे प्रोग्रॅममध्ये चूक नाही, असंही आम्ही मानत नाही. जेवढं तपासलं, तेवढंच कळतं.

आता भाषेचं सांगतो. दुसऱ्या भाषेची जी दोन क्रेडिट लागतात, त्यासाठी मिशिगनमध्ये घरी शिकलेली भाषाही चालते. ती येते हे दाखवून द्यायचं. भाचीनं उर्दू दिली, तोंडी आणि लेखी. तिला उर्दू वाचायला-लिहायला शिकवलं माझ्या अम्मीनं, दुपारची भांडी आवरल्यावर, जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर. अम्मी स्वतः चौथी शिकलेली. निकाल लागल्यावर आम्ही तिला फोन केला, “अम्मी, तुझ्या शिकवणीला अमेरिकेतल्या शाळेनं दोन क्रेडिट दिली.” अम्मी क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, “मग एक मला पण द्या म्हणावं.”

आम्ही हसलो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. घरी, दुकानात, गॅरेजमध्ये, मदरशात, शिलाई मशीनवर आपली माणसं किती शिकतात! त्यातलं किती कुणी कधी मोजलं?

माझा एक चुलतभाऊ आठवीत शाळा सोडून एसी दुरुस्तीला लागला. कामाचा हिशेब कागद न घेता सांगतो. एका ठिकाणी कायमची नोकरी मिळत होती, दहावीच्या प्रमाणपत्रावर अडली. त्याला वाटत होतं, आता उशीर झाला. तो झालेला नव्हता. आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, तो भरून खासगीरीत्या दहावीला बसता येतं. १९८९ साली सुरू झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिथे एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत एकेक विषय सोडवता येतो. दुसऱ्या मान्यताप्राप्त मंडळात पास झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण तिथे धरले जातात. तयारी झाली की मागणीनुसार परीक्षा द्यायची सोयही आहे. भाऊ तिथून दुसऱ्या प्रयत्नात दहावी झाला. माहिती आधी मिळाली असती, तर त्याची सहा वर्षं वाचली असती.

मात्र आपल्याकडचं हे मिशिगनसारखं नाही. इथे कुणी हातातलं कसब पाहून गणिताचे गुण देत नाही, पुस्तकातला पेपरच द्यावा लागतो. म्हणून नुसता फॉर्म भरून देणं पुरेसं नाही. भाचीला रोज संध्याकाळी कुणीतरी सोबत लागलं, भावालाही लागलं.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. मागच्या वेळी गावी आलो तेव्हा एका घरात ऐकलं, “मुलीला आता घरीच ठेवू, पुढे सतरा नंबर भरता येतोच की.” मी हा विषय मांडल्यावर उद्या कुणी माझ्याच शब्दांचा असा उपयोग करील, याची मला भीती वाटते. मिशिगनच्या नियमात मुलगी शाळेतच असते. एका वर्गातून सुटते आणि वरच्या वर्गात जाते, घरी जात नाही. बाहेरून परीक्षेचं हे दार ज्यांची शाळा सुटली त्यांना आत घेण्यासाठी आहे. जी आत बसली आहे, तिला बाहेर काढण्यासाठी नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. इथून घरी गेल्यावर आपल्या गल्लीतल्या अशा मुलामुलींची यादी करा, ज्यांची शाळा सुटली पण शिकणं सुटलेलं नाही. पुढच्या बैठकीत ती यादी आपण एकत्र वाचू. आणि आपल्यापैकी ज्याला गणित, इंग्रजी, जे काही येतं, त्यानं आठवड्यातल्या दोन संध्याकाळी द्याव्यात. मी तिकडून व्हिडिओ कॉलवर गणित घेईन. वेळ तुम्ही ठरवा, मी जमवून घेतो.