आडनावातला धंदा

(गावकरी मंडळींपुढे केलेले भाषण)



आपल्या खानदेशातील कोणत्याही गावच्या शाळेचा हजेरीपट उघडून पाहा. सोनार, शिंपी, लोहार, सुतार, कुंभार, माळी, बारी. पोरांची हजेरी घेता घेता गावातले सारे धंदे मोजून होतात. दुसरीकडे कारागिराच्या घरी धंद्याहून निराळे आडनाव पुष्कळदा सापडते. आपल्याकडे बहुधा धंद्याचा शब्द तेच आडनाव. जुन्या कागदांत माणसाची ओळख "रामा वल्द सखाराम, कौम लोहार" अशा तऱ्हेने लिहीत. गावात लोहाराचा भाता एकच. फाळ शेवटायचा झाला की सारे त्याच दारी जाणार. तेथे आणखी आडनाव हवे कोणाला? पुढे शाळा आल्या, कचेऱ्या आल्या, त्यांना तिसरे नाव पाहिजे झाले, आणि पुष्कळ घरी कौमेचाच शब्द त्या जागी जाऊन बसला.

महाजन व चौधरी ही नावे मात्र धंद्याची नव्हेत, धंद्यावरील मानाची होत. पेठेतल्या व्यवहारावर नजर ठेवणारा पुढारी तो महाजन किंवा चौधरी. म्हणूनच ती एका जातीची राहिली नाहीत. लेवा, तेली, माळी अशा निरनिराळ्या घरी ती आहेत. बहिणाबाई १८८० साली असोद्याच्या महाजनांच्या घरी जन्मल्या व जळगावच्या चौधऱ्यांच्या घरी नांदल्या. दोन्ही घरे शेती कसणारी.

कोणी म्हणेल, धंद्याचे आडनाव हा आपल्याच देशाचा रोग आहे. तसे नाही. इंग्लंडात सर्वांत जास्त माणसांचे आडनाव स्मिथ, आणि स्मिथ म्हणजे लोहार! १३७७ ते १३८१ या सालांत तेथील राजाने डोईपट्टी बसविली. तिच्या याद्यांत पुष्कळांच्या नावापुढे धंदा लिहिलेला आढळतो. म्हणजे आपल्यासारखीच तेथेही सरकारी कारकुनाची लेखणी नावामागे लागली होती. पण पुढची गोष्ट पाहा. १७७६ साली संपत्तीच्या शास्त्रावर जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा अ‍ॅडम स्मिथ नावाचा लोहार, आणि त्याचा बाप जकातीचा अंमलदार! १९७९ ते १९९० पर्यंत तेथे मुख्य प्रधान असलेल्या बाईंचे, नवऱ्याकडून आलेले, आडनाव थॅचर, म्हणजे गवताने छप्पर शाकारणारा. त्यांना कोणी विचारले नाही की, बाई, तुम्ही छपरे सोडून राज्य कशाला करता?

आपल्याकडे हाच प्रश्न विचारला जातो. आडनाव तेच, पण येथे त्याच्या मागे जातीचे कुंपण घातलेले. लोहाराचे पोर लोहारच होणार, त्याच्याशी सोयरीक लोहारच करणार, आणि खळ्यावर बलुते मागताना ते खालीच उभे राहणार! तेव्हा लाज शब्दात नाही. शब्दाने ज्यांनी माणसाची पायरी ठरविली, त्यांच्या करणीत आहे.

या कुंपणाला न जुमानणारे एक आडनाव तुम्हा सर्वांस ठाऊक आहे. जोतीरावांचे घराणे मूळचे गोऱ्हे, सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुण्यास आल्यावर त्या घरची मुले फुलांचा धंदा शिकली, पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरवू लागली. कामावर खूश होऊन पेशव्यांनी पस्तीस एकर जमीन इनाम दिली, आणि लोक गोऱ्ह्यांना फुले म्हणू लागले. हे आडनाव एका पिढीच्या कामाने आले. पुढे १८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांनी काय केले? बांधकामाच्या मालाची कंत्राटे घेतली, मांजरीस शेती केली, शाळा काढल्या, आणि १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन ठेवले त्यात स्वतःस व्यापारी व शेतकरी म्हणविले. नाव मात्र टाकले नाही. आज त्या नावाने कोणास गजरे आठवतात?

शाळेत नाव घालतेवेळी कितीएक बाप आम्हांस हळूच म्हणतात, "गुरुजी, पोराचे आडनाव लोहार लावू नका, पाटील लावा." आम्ही त्यांना हसत नाही. मार खाल्ल्यावाचून कोणी असे बोलत नाही. आमचे मत विचाराल तर आडनाव राहू द्यावे व पोरास वाटेल तो धंदा शिकवावा. परंतु मन घट्ट झाले नसेल आणि बदलच करावयाचा असेल, तर तो चोरून करू नका. एका भावाचे लोहार व दुसऱ्याचे पाटील झाले, की पुढे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत बापाचे, आजाचे कागद जुळवीत कचेरीच्या खेपा पडतात. रीतसर अर्ज करून बदल सरकारी राजपत्रात छापून घ्या, सगळ्या भावंडांचा एकदमच करा, आणि त्या राजपत्राची प्रत सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर पेटीत जपून ठेवा.