पाटी दाराबाहेर हवी



पुण्यात आपलं मनापासून स्वागत. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहकांच्या हक्कांसाठी ग्राहक पंचायत सुरू केली ती याच शहरात. त्याच गावात आज या परिषदेला ग्राहक आणि बिल्डर एका मांडवात बसलेत आणि स्वागताला उभा आहे तोही बिल्डर. काहींच्या भुवया वर गेलेल्या दिसतायत, त्यांचंही स्वागत.

पुणेरी पाट्यांना जग हसतं. पण दुकान एक ते चार बंद, हे पाटी दारावरच सांगते. आम्हा बिल्डरांचं माहितीपत्रक नेमकं उलटं. त्यात झाडं आधीच मोठी झालेली, स्टेशन पाच मिनिटांवर. पाण्याच्या टँकरचा उल्लेख मात्र शोधून सापडायचा नाही.

कायदा नव्हता असंही नाही. १९६३ च्या मोफा या महाराष्ट्राच्या फ्लॅट-मालकी कायद्यानेच जमिनीच्या मालकीची खरी आणि पूर्ण माहिती देणं बिल्डरला बंधनकारक केलं होतं. पण कागद आमच्या कपाटात, आणि ते मागायचा गिऱ्हाइकाला संकोच. मे २०१७ मध्ये महारेरा, म्हणजे राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण, आलं आणि कपाट उघडलं. मंजुऱ्या, विकलेले फ्लॅट, दर तीन महिन्यांनी काम कुठवर आलं, सगळं घरबसल्या दिसू लागलं. गिऱ्हाइकाच्या पैशातले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही आला. आम्ही कुरकुरलो, मीही.

माझ्या एका इमारतीचा ताबा दहा महिने लांबला. महारेराच्या संकेतस्थळावर माहिती वेळच्या वेळी भरत होतो, आणि लोकांचे फोन मात्र टाळत होतो! चार महिन्यांनी सगळ्यांना बोलावलं, पैसे कुठे अडकलेत ते हिशेबाच्या वहीसकट दाखवलं. शिव्या खाल्ल्या. एक आजोबा शांतपणे म्हणाले, "हे आधी बोलला असतात, तर मी भाड्याची जागा सोडली नसती." संकेतस्थळ त्यांनी कधी उघडलंच नव्हतं. त्यांना एक फोन पुरला असता, आणि तो करायला कुठल्या कायद्याने मला अडवलं नव्हतं.

म्हणूनच या परिषदेला कोणी किती देणगी दिली आणि ती कुठे खर्च झाली, याचा कागद मांडवाच्या दाराशी लावलाय. जेवण एक वाजता. जिलब्या माणशी दोनच आहेत.