बोका घरात फवारतो तेव्हा

शेपटी ताठ उभी, तिचं टोक थरथरतंय आणि कूलरच्या पत्र्यावर लघवीची बारीक पिचकारी! अमरावती-अकोल्याकडं बोका पाळणाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक आहे. ही खोडी नव्हे, हद्दीची खूण आहे. खिडकीबाहेर परका बोका दिसला की फवारणी वाढते. मारू नका, भेदरलेला बोका जास्तच फवारतो. पाच-सहा महिन्यांचा झाला की नसबंदी करून घ्या. दहापैकी नऊ बोक्यांची सवय त्यानं सुटते किंवा कमी होते. डाग एन्झाइमच्या क्लीनरनं पुसा. फिनाईल नको, मांजरांना ते विषारी असतं. मात्र बोका बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही, तर ताबडतोब पशुवैद्यकाकडे न्या. अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत जनावरांचा दवाखाना आहे.