उन्हाळ्यात भरणारं गाव : सामारिना

कानात इअरफोन असतील, बस-लोकलमध्ये जागा मिळाली असेल, तर आज जरा लांब जाऊया. ग्रीसच्या उत्तरेला, पिंदोस डोंगररांगेत.

तिथे स्मोलिकास नावाचा पर्वत आहे. उंची 2637 मीटर. ग्रीसमध्ये ऑलिंपसनंतर याचाच नंबर. त्याच्या उतारावर साधारण 1450 मीटरवर सामारिना हे गाव आहे. म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच आणि कळसूबाईच्या शिखरापेक्षा थोडं खाली. ग्रीसमधल्या सगळ्यात उंच गावांत याची गणती होते.

गंमत म्हणजे हे गाव वर्षभर नसतंच! हिवाळ्यात बर्फ पडतं आणि घरं कुलूपबंद होतात. उन्हाळा आला की लारिसा, त्रिकाला, ग्रेवेना या शहरांतून माणसं वर येतात आणि गल्ल्या भरून जातात.

असं का? कारण हे मूळचे मेंढपाळ. उन्हाळ्यात डोंगर, हिवाळ्यात थेसलीचं मैदान. एप्रिलअखेर संत जॉर्जचा सण झाला की वर निघायचं, ऑक्टोबरअखेर संत दिमित्रीचा सण आला की खाली. मेंढरं, खेचरं, पोरंबाळं, भांडीकुंडी, सगळं बरोबर. आपल्याकडे धनगरांचा वाडा रस्त्याने जाताना पाहिला असेल, तर चित्र डोळ्यापुढे येईल.

1910 साली वेस आणि थॉम्पसन हे दोन इंग्रज अभ्यासक या तांड्याबरोबर सामारिनापर्यंत गेले. 1914 मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक काढलं. यातला वेस म्हणजे पुढे मायसिनीचं उत्खनन करणारा ॲलन वेस, बरं का.

आता भाषेकडे येऊ. बाहेरचे यांना व्लाख म्हणतात, ते स्वतःला आर्मन म्हणवतात. त्यांची बोली आर्मन, म्हणजेच अरोमानियन. चारी बाजूंना ग्रीक, पण ही लॅटिनची लेक आणि रोमानियनची बहीण. मेंढीला ओआए म्हणतात. संस्कृतात मेंढीला 'अवि' म्हणतात, आठवलं? भाऊ म्हणजे फ्राती, आपला भ्राता. सात म्हणजे शाप्ती, आठ म्हणजे ओप्तू. योगायोग नाही हा. लॅटिन आणि संस्कृत एकाच मोठ्या भाषाकुळातल्या, म्हणून मराठी कानालाही त्यात ओळखीचं काहीतरी सापडतं.

मग ही बोली आज धोक्यात का? कुणी एका दिवसात बंदी घातली, असं झालेलं नाही. थोडं थोडं करत झालं.

1881 मध्ये थेसली ग्रीसला मिळाली, पण सामारिना ऑटोमन राज्यातच राहिलं. 1912 पर्यंत हेच चाललं. म्हणजे मेंढ्यांचा हिवाळा एका देशात, उन्हाळा दुसऱ्या देशात! वर्षातून दोनदा सीमा ओलांडायची. शिवाय रोमानियाने या लोकांसाठी शाळा काढल्या, ग्रीक शाळा होत्याच. तुम्ही नक्की कोणाचे, यावरून गावागावांत आणि घराघरांत फूट पडली. बोलीचं राजकारण झालं की साधं बोलणंही जड होतं.

पुढे 1920 च्या दशकात आशिया मायनरमधून लाखो निर्वासित ग्रीसमध्ये आले. मोठ्या जमिनी वाटल्या गेल्या, नांगर फिरला आणि हिवाळ्याची कुरणं आक्रसली. कळप कमी झाले. मग दुसरं महायुद्ध, त्यामागोमाग यादवी युद्ध. माणसं शहरात स्थिरावली. कळपाबरोबर चालताना जी बोली आपोआप मुलांच्या तोंडी बसायची, तिला शहरातल्या फ्लॅटमध्ये कामच उरलं नाही. शाळा ग्रीक, नोकरी ग्रीक, लग्नंही ग्रीक घरांत.

एक गोष्ट मला फार लागली. सामारिनाचं नाव ग्रीसभर ज्या गाण्यामुळे माहीत आहे, ते 'सामारिनाची पोरं' हे गाणं ग्रीक भाषेत आहे. गाव प्रसिद्ध झालं, पण गावाची बोली त्या गाण्यात नाही.

मला का लागली, तर मी खान्देशातली. आजी फोनवर विचारते, ''काय करी ऱ्हायनी?'' आणि आम्ही भावंडं उत्तर देतो मराठीत. आजीला कळतं, आम्हालाही कळतं, भांडण काहीच नाही. पण अहिराणी प्रश्नातच राहते, उत्तरात येत नाही. बोली अशीच मागे पडते. आधी उत्तरातून जाते, मग प्रश्नातून.

1997 मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेने अरोमानियन भाषा-संस्कृती जपा, अशी शिफारस केली. चांगलंच झालं. पण शिफारशीने स्वयंपाकघरात कुणी बोलायला लागत नाही.

तरी सामारिना हरलेलं नाही. दर 15 ऑगस्टला मारियामातेच्या मोठ्या चर्चच्या अंगणात सगळे जमतात. त्या चर्चच्या छपरातून एक पाइनचं झाड उगवलंय. आत पाहा, बाहेर पाहा, मूळ कुठेच दिसत नाही! त्याच्या सावलीत म्हातारे, तरुण, शहरातून आलेली पोरं हातात हात धरून मोठा गोल नाच करतात. यायचं कारण शाबूत आहे, ही मोठी गोष्ट. कारण माणसं एकत्र आली तरच बोलीला तोंड मिळतं.

म्हणून आजचं काम सोपं आहे. घरात मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, कोकणी, जी काही बोली असेल, तिच्यात आज एक उत्तर द्या. चुकलं तर आजी हसेल, हसू दे! आणि फोन हातात आहेच, तर तिला दहापर्यंत आकडे म्हणायला लावून रेकॉर्ड करा.

भाग आवडला तर मित्रमैत्रिणींना पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर बोलत राहा!